एमलिनचं पाणी

१

नँटग्लास गावात वसुधाला दुपारी घड्याळ बघावं लागत नसे. फायर स्टेशनचा चारचा भोंगा झाला की भिंतीपलीकडे प्राइसबाईंच्या तळघराचं दार करकरायचं. मग बादलीची कडी वाजायची, नळ सुटायचा आणि पत्र्याच्या टबात पाणी पडू लागायचं. आधी ठणठणीत आवाज, टब भरत आला की जाड आणि दबका. तेवढं झालं की बाई जिना चढून वर यायच्या आणि तळघराचं दार लावून घ्यायच्या. हे रोज, अगदी रविवारीसुद्धा.

वसुधाच्या स्वयंपाकघरात हे सगळं उभ्या उभ्या ऐकू यायचं, कारण मधली भिंत नावापुरतीच होती. खाणकंपनीनं कामगारांसाठी बांधलेली ती घरं. एका घराच्या मधोमध भिंत घालायची आणि दोन बिऱ्हाडं वसवायची, असा हिशेब. पलीकडच्या अर्ध्या घरात ऑल्वेन प्राइस ही म्हातारी विधवा एकटी राहायची. अलीकडे वसुधा, तिचा नवरा डॉक्टर श्रीरंग आणि पाच वर्षांची दीपा.

पेनसिल्व्हेनियातलं हे गाव वेल्सहून आलेल्या खाणकामगारांनी वसवलं होतं. येताना त्यांनी आपलं चर्च आणलं, गाणं आणलं आणि आडनावं आणली. फोनबुक उघडलं तर जोन्स आणि डेव्हिसांची पानंच्या पानं, आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखी. खाणी बंद पडून एक पिढी उलटली होती. मागे उरले ते काळ्या मातीचे ढीग, तांब्याच्या रंगाचा एक ओढा आणि खोकणारे म्हातारे. त्या म्हाताऱ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला श्रीरंगला इथे पाठवलं होतं. अमेरिकेत राहायचं तर जिथे कुणी डॉक्टर जायला तयार नाही तिथे काही वर्षं काढायची, असा करार होता.

गावाखालची जमीन सगळी पोखरलेली. शाळेचं मैदान एका हिवाळ्यात बशीसारखं खोल गेलं होतं आणि पोस्टाची इमारत खांदा पाडून उभी होती. बेथेल स्ट्रीट, म्हणजे वसुधाची गल्ली, तेवढी सरळ. तिथे टेबलावर चहाचा कप काठोकाठ भरून ठेवला तरी थेंब सांडत नसे. "लकी स्ट्रीट," लोक म्हणायचे.

वसुधाला त्या लकचं काही कौतुक नव्हतं. तिचं चित्त होतं मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. श्रीरंगचा मित्र राजीव तिथे होता आणि दर रविवारी फोनवर तिथल्या गणपतीचं, मराठी मंडळाचं, कुणाकडच्या तरी अळूवड्यांचं वर्णन करून तिचा जीव वर-खाली करायचा. करार वसंतात संपणार होता. तोवर तिला या गावात आपलं म्हणावं असं माणूस एकच, भिंतीपलीकडची म्हातारी. ती वसुधाला 'कारियाद' म्हणायची. तिच्या वेल्श भाषेत त्याचा अर्थ लाडकी. पुण्याहून निघाल्यापासून वसुधाला दुसऱ्या कुणी लाडकी म्हटलं नव्हतं. श्रीरंग चांगला होता, पण तो पुरुषमाणूस.

२

ऑक्टोबरात प्राइसबाई पोर्चच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. श्रीरंगच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. वसुधा भेटायला गेली तेव्हा बाईंनी तिचं मनगट असं धरलं की तिला बांगडी रुतली.

"माझं एक काम करशील? एमलिनचं पाणी."

एमलिन म्हणजे बाईंचा नवरा. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच खाणीत छत कोसळलं आणि तो आत राहिला. बाकीच्यांना बाहेर काढलं, याला काढता आलं नाही. त्याला आता पन्नास वर्षं होत आली होती. भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारं पाणी कुणासाठी होतं ते वसुधाला त्या क्षणी कळलं.

"भोंगा झाला की गरम पाणी टबात काढायचं," बाई सांगू लागल्या. "आदल्या दिवशीचं आधी ओतून टाकायचं. साबणाची वडी, धुतलेला टॉवेल. मग वर यायचं, दार लावायचं. थांबायचं नाही. आणि पाठीला साबण नाही."

"पाठीला?"

"खाणवाला पाठ धूत नाही, कारियाद. माझे वडील धूत नसत, त्यांचे वडील धूत नसत. तोंड, हात, छाती, पाय, सगळं धुवायचं. पाठ नाही. धुतली की ती दुबळी होते."

वसुधानं शब्द दिला आणि किल्ली घेतली. गाडीत श्रीरंग हसला. "अगं, इथे ती कॉमन सुपरस्टिशन आहे. सत्तरीचे पेशंट शर्ट काढतात तर पाठी अशा काळ्या! मी आता बोलतच नाही. पण तू रोज तळघरात जाऊन टब भरणार? सीरियसली?"

"अहो, आपण नाही का देवापुढे पाण्याची वाटी ठेवत? देव पितो म्हणून ठेवतो का?"

"बरं बाई, भर," श्रीरंग म्हणाला.

३

प्राइसबाईंचं तळघर लख्ख होतं. एका कोपऱ्यात जुनी कोळशाची कोठी, फळ्यांची, आत अजून काळी भुकटी साचलेली. कोठीच्या मागे दिव्याचा उजेड पोचत नव्हता. परसात उघडणारं तिरकं दार आतून बंद. खाणीतून आलेला माणूस पूर्वी त्या दारानं थेट इथे उतरे, म्हणजे वरचं घर मळत नसे. मधोमध टब, शेजारी एक लाकडी स्टूल, दांडीवर टॉवेल. वसुधानं पाणी काढलं, साबण ठेवला, वर आली आणि दार लावलं. एक चांगलं काम झाल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली तेव्हा टबातलं पाणी काळं होतं.

काळं म्हणजे शाईसारखं नव्हे. वर साबणाची करडी साय आणि तळाशी बारीक रवा. तिनं बोटानं चोळून पाहिला. जुने पाइप, ती स्वतःशी म्हणाली. शिवाय इतक्या वर्षांची धूळ, छतातून झडत असणार. दांडीवरचा टॉवेल ओला होता. तळघरात दमट असणारच. त्या टॉवेलवर एका जागी तोंड पुसल्यासारखा डाग होता, त्यावर मात्र तिला लगेच काही सुचलं नाही. तिनं तो घरी नेऊन मशीनमध्ये टाकला आणि दुसरा आणून ठेवला.

डाग रोज पडू लागले. तोंडाचा, दोन पंजांचा, छातीचा. पाठीएवढा रुंद डाग कधीच नसे. वसुधानं तर्क लढवून पाहिले. घराची दुसरी किल्ली कुणाकडे असेल, कुणी बेघर माणूस येत असेल. पण तिरक्या दाराचा अडसर आतून होता आणि त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटायला हवी होती तेवढी वाटत नव्हती. दुपारी ती स्वयंपाकघरात चहा टाकायची आणि भिंतीपलीकडे पाणी चुबुकचुबुक वाजायचं. ती तर आत्ताच वर आलेली असायची. पाइप, ती म्हणायची. आणि मग तिच्याही नकळत चहा जरा हळू ढवळायची, पलीकडे कुणाला त्रास नको म्हणून.

एकदा जेवताना श्रीरंग म्हणाला, "आज एक भारी पेशंट आला होता. जुना फोरमन. म्हणे, खाण खणताना छत पेलायला कोळशाचेच जाड खांब सोडतात. आणि खाण बंद करायच्या आधी कंपनी तेही कापून नेते. फुकटचा कोळसा कोण सोडतो? मी विचारलं, मग बेथेल स्ट्रीट कशी काय ठाकठीक? तर म्हणतो, डॉक्टर, तुमच्या स्ट्रीटखाली एकही खांब नाही. आम्हीच शेवटचा काढला आणि त्याच दिवशी छत आलं."

"मग?"

"मग काय? म्हणाला, ते थांबलं. अर्धं खाली आलं आणि थांबलं. का ते कुणाला माहीत नाही. भाजी वाढ."

वसुधानं भाजी वाढली. पलीकडचा टब तिला उगाचच आठवला.

४

नरकचतुर्दशीला तिनं पहाटे सगळ्यांना उठवलं. आईनं पुण्याहून पार्सलनं उटणं पाठवलं होतं, त्याचा वास डबा उघडताच घरभर झाला. पाटावर बसलेल्या श्रीरंगच्या पाठीला तिनं तेल लावलं, कमरेपासून मानेपर्यंत, तळहातानं जोर देऊन, आई बाबांना लावायची तसं. मग उटण्यानं चोळून काढलं. "अगं, सालटं काढतेस का? मला राउंड्स आहेत!" तो ओरडत होता. कारीट कुठलं मिळायला, म्हणून डाव्या पायाखाली चेरी टोमॅटो फोडला. त्यावर दीपा इतकी हसली की तिला उचकी लागली.

दुपारी भोंगा झाला. वाटीत थोडं उटणं उरलं होतं.

वसुधा वाटीकडे बघत उभी राहिली. आज अभ्यंग न करणारा नरकात जातो, असं आई म्हणायची. आणि तिकडे तो, पंचविशीतला मुलगाच म्हणायचा, पन्नास वर्षांत त्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवला नव्हता. सणावाराच्या दिवशी तरी? प्राइसबाईंना दिलेला शब्द तिच्या लक्षात होता. पण बाई म्हणाल्या होत्या साबण नको. उटणं म्हणजे काही साबण नव्हे.

तिनं पाणी काढलं, स्टुलावर उटण्याची वाटी ठेवली, शेजारी तेलाची. एक पणतीही लावली. मग वर येऊन दार लावलं आणि आपल्या स्वयंपाकघरात चकल्या तळायला घेतल्या.

भिंतीपलीकडे पाणी वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग एक नवा आवाज आला, घसाघसा, एका लयीत. ओला टॉवेल दोन्ही टोकांना धरून पाठीवरून इकडून तिकडे ओढावा, तसा. तो थांबला तेव्हा भिंतीपलीकडून एक मोठा सुस्कारा आल्यासारखं वाटलं. आणि वसुधाला चक्क बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं.

थोड्याच वेळात दीपा आली. "मॉमी, लुक!" तिनं टेबलावर एक रंगीत खडू ठेवला. तो आपोआप निघाला, भिंतीच्या दिशेनं, आणि टेबलावरून खाली पडला.

५

दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार लागेना. त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीला जमिनीपासून एक चीर गेली, केसाएवढी. दोन दिवसांत तिच्यात नाणं उभं बसलं असतं. चिरेतून गार हवा येत होती. दीपाचा पलंग त्याच भिंतीला लागून होता. तो त्यांनी हलवला, पण सकाळी पाहावं तर तो भिंतीशी जाऊन टेकलेला. म्युनिसिपालिटीचा इंजिनिअर आला, टॉर्च मारून गेला. गल्लीतली सगळीच घरं कुरकुरत होती. रविवारपर्यंत बघू, नाहीतर रस्ता रिकामा करू, असं तो म्हणाला.

तळघरात ती रोज जात होती. टबातलं पाणी आता स्वच्छ असायचं, जसं काढलं तसंच. टॉवेल कोरडा. त्या स्वच्छ पाण्याची तिला जेवढी भीती वाटली तेवढी काळ्याची कधी वाटली नव्हती.

शेवटी तिनं हॉस्पिटल गाठलं. प्राइसबाई उशांना टेकून पडल्या होत्या. अंगावर कातडं तेवढं उरलं होतं.

"मी त्याला पाठ धुवायला दिली," वसुधा म्हणाली. "आमचा सण होता. मला वाटलं..."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथून गावाची छपरं दिसत होती आणि त्यामागे काळे ढीग.

"काय आहे त्याच्या पाठीवर, तुला काय वाटलं होतं?" त्या म्हणाल्या. "तुमचं घर आहे. माझं आहे. लेकरांच्या खोल्या आहेत. म्हणून तर तो वर आला नाही."

"मी आता काय करू?"

"जे काढलंस ते परत लाव. मला जिना उतरता येत नाही, कारियाद. आता पाणी तुझं."

६

ती घरी पोचली तेव्हा भोंगा वाजतच होता. श्रीरंग हॉस्पिटलात. पोरीला सांभाळायला आलेली शेजारीण गेटपाशीच भेटली. "दीपा वर झोपलीये," ती म्हणाली आणि आपल्या घराचा आवाज ऐकून तिकडे धावली. वसुधानं जिन्याकडे पाऊल टाकलं तोच भिंतीतून मोठा कडकडाट झाला आणि वरच्या खोलीत काहीतरी घरंगळत गेलं. दीपा रडली नाही, म्हणजे अजून झोपेत होती. वसुधानं धावत वर जाऊन दीपाच्या खोलीचं दार ढकललं. ते चौकटीत गच्च बसलं होतं. तिनं खांदा दिला, लाथ मारली. दार हललं नाही.

मग ती पलीकडे धावली. प्राइसबाईंचं घर, तळघराचा जिना, दिवा. छतातून माती झडत होती. तिनं नळ सोडला, टबात वाफाळतं पाणी पडू लागलं, आणि ती वर गेली नाही. कोळशाच्या कोठीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तिनं भुकटी उपसली आणि पदरात घेतली.

"एमलिन," ती म्हणाली. आणि पुढे काय बोलावं ते न सुचून मराठीतच म्हणाली, "चुकलं माझं. या."

वाफ दाटली. टबापाशी कुणी आलं नाही. पण कोठीच्या मागे, जिथे भिंत असायला हवी होती तिथे आता काळोख होता, त्या तळघरापेक्षा कितीतरी खोल. त्या काळोखात काहीतरी पांढरं दिसत होतं. आधी तिला वाटलं, चुन्याचा ढपला. मग ते थरथरलं.

ती पाठ होती. वाकलेली, तरुण माणसाची, रुंद. डोकं दिसत नव्हतं, ते छातीत खुपसलेलं होतं, पोतं पेलणाऱ्या हमालाचं असतं तसं. धुऊन इतकी स्वच्छ झालेली की दिव्याच्या उजेडात एकेक मणका मोजता यावा. गुडघे जमिनीला टेकायला आले होते. त्या पाठीच्या वर काय होतं तिकडे वसुधानं पाहिलं नाही. उटण्याचा वास येत होता.

तिनं भुकटी दोन्ही तळहातांवर घेतली आणि कमरेपासून सुरुवात केली. जोर देऊन, वरच्या दिशेनं, मानेपर्यंत. हात आपोआप चालत होते. पाठ गरम होती. थंड असती तर ती कदाचित पळाली असती, पण ती तापकऱ्या लेकरासारखी गरम होती. वसुधा रडत रडत चोळत राहिली, मळत राहिली, एक पांढरा ठिपका उरू नये म्हणून अंदाजानं खांद्यांखाली, बरगड्यांच्या खाचांत. हळूहळू थरथर थांबली. हाताखालचे स्नायू एकेक करून घट्ट झाले. गुडघे वर उचलले गेले. सगळीकडून, दूरवरून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकूड कुरकुरत आपल्या जागी बसल्याचा आवाज आला.

मग ते डोकं वळू लागलं.

"नको," वसुधा डोळे घट्ट मिटून म्हणाली. "नका बघू. पाणी काढलंय. गार होईल."

ती त्याच्याकडे पाठ न करता, चाचपडत, उलटी वर आली. दार लावलं. दाराआडून पाणी चुबुकलं.

दीपाच्या खोलीचं दार बोटानं उघडलं. पोरगी गाढ झोपली होती. तिच्या केसांत चुन्याची पूड होती, बाकी काही नाही.

७

प्राइसबाई त्याच आठवड्यात गेल्या. चीर बुजवली, पुन्हा उघडली नाही. इंजिनिअर म्हणाला, असं होतं कधीकधी, जमीन सेटल होते. प्राइसबाईंच्या पुतण्याला त्या घराचं काय करावं कळेना. किल्ली माझ्याकडेच राहू दे, असं वसुधा म्हणाली तेव्हा त्यानं आनंदानं हो म्हटलं. हिवाळाभर ती रोज पाणी काढत राहिली. टबातलं पाणी पुन्हा काळं होऊ लागलं, टॉवेलवर डाग पडू लागले. श्रीरंग आता हसत नव्हता. काही विचारतही नव्हता. तिच्या तळहातांच्या रेषांतला काळेपणा लिंबानं, व्हिनेगरनं, कशानंही जात नव्हता, आणि तो डॉक्टर होता.

वसंतात करार संपला. राजीवनं श्रूजबरीत घर बघून ठेवलं. खाली मोठं किचन, शेजारी सातारचं कुटुंब. वसुधानं गल्लीत कुणाला तरी सांगायचा प्रयत्न केला. एका म्हातारीला, मग चर्चमधल्या एका बाईला. दोघींनी तिचा हात प्रेमानं थोपटला आणि विषय बदलला. किल्ली घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

निघायच्या दिवशी ट्रक पुढे गेला. गाडीत सामान कोंबून झालं, देव मांडीवर घ्यायच्या पिशवीत ठेवले. गल्लीत मुलं सायकली फिरवत होती. कुणाच्या तरी अंगणात पाळण्यात बाळ झोपलं होतं. बेथेल स्ट्रीट दोरीनं आखल्यासारखी सरळ दिसत होती.

"चल वसू," श्रीरंग स्टिअरिंगवर बसून म्हणाला. "बस आता."

ती पिशवी मांडीवर घेऊन बसली तोच भोंगा वाजला.

वसुधानं मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली, दार उघडलं आणि खाली उतरली. "अहो, एवढं पाणी काढते," ती म्हणाली. "एवढं आजचं काढते नि आलेच."

ती पायऱ्या चढून प्राइसबाईंच्या दारापर्यंत गेली. किल्ली लावताना मागून गाडीची काच खाली झाल्याचा आवाज आला.

"मॉमी," दीपानं हाक मारली, "अँड टुमॉरो?"

वसुधा दाराला हात लावून उभी राहिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं श्रीरंगनं गाडीचं इंजिन बंद केलं.